मेक्सिकोचं कडं

जुन्नरच्या मनालला मेक्सिकोचे जुने चांदीचे दागिने जमवायचा नाद होता. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. कपाट मात्र भरत चाललं होतं. या खेपेला तिनं तिथल्या एका म्हाताऱ्याकडून घुंगरांचं लहानसं कडं मागवलं.

ते आलं त्या दिवसापासून भरदुपारी बंद कपाटात घुंगरं वाजू लागली. मग ती स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागली. एकदा तिच्या नवऱ्यानं, तालिबनंही ती ऐकली.

“लई झालं, मनाल. आजच्या आज परत धाड ते,” तो म्हणाला.

मनालनं मोबाइलवर भाषांतर करून म्हाताऱ्याला विचारलं, “हे कुणाचं होतं?”

संध्याकाळी उत्तर आलं. “माझ्या मुलीचं. सहा वर्षांची असताना गेली, पण ते कडं सोडून कुठं गेली नाही. आता मी थकलोय. माझ्यामागे तिला कोण आहे? हवं तर पैसे परत घ्या, पण तिला परत पाठवू नका.”

तालिब खोकं बांधायला चिकटपट्टी शोधू लागला. मनालनं टाइप केलं,



“तिला तिखट चालतं का?”