पास देताना डोक्यात काय होतं?

फायनलच्या शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि पंचांनी शिरस्त्याप्रमाणे पास देणाऱ्या इंद्रजितच्या डोक्यावरची विचार टिपणारी पट्टी तपासायला पाठवली. पाय हलायच्या आधी मन ठरवतं, म्हणून हल्ली ऑफसाइड पास द्यायचा विचार मनात आला त्या क्षणापासून धरत. इंद्रजितच्या तालमीच्या संघाची पोरं हवालदिल झाली, कारण गोल मारणारा ओंकार केव्हाचा बचावफळीच्या पुढे जाऊन उभा होता.

इंद्रजित मात्र तोऱ्यात होता. "मी त्याला आधीच हेरलं होतं, बापू."

"अरे, डोकं वापर," असं वर्षभर ओरडून घसा बसलेले प्रशिक्षक बापू दातओठ खात म्हणाले, "गप लेका! हेरलं असशील तर कप गेला."

एवढ्यात मोठ्या पडद्यावर निकाल झळकला : 'पास देताना खेळाडूच्या डोक्यात कोणताही विचार आढळला नाही. सबब ऑफसाइड नाही.'

अख्खं स्टेडियम खो खो हसत सुटलं. पंचांनी माइक पुढे केला. "मान्य आहे, की विचार केला होता म्हणता?"

समोर गॅलरीत इंद्रजितचे होणारे सासरे बसले होते. संघाची सगळी आखणी आपल्याच डोक्यातून निघते, असं त्याने त्यांना कालच ऐकवलं होतं. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कपाकडे.

"मान्य," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोला."

"माझ्या डोक्यात काहीही नव्हतं!"

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. बापूंनी त्याच्या डोक्यावर मूठभर गुलाल ओतला आणि दम भरला, "पुढच्या वर्षी डोकं वापरलंस, तर बघ!"