विषाची उष्टावण

स्कोफ्तीने बाळ कातडीत गुंडाळलं आणि दार ढकललं. काल जन्मलेली मुलगी. रडण्याचंही त्राण तिच्यात नव्हतं. घरातली तीन पोरं भुकेने कोमेजली होती, गाय थंडीत मेली होती आणि बायकोच्या, आल्फदीसच्या अंगावर दुधाचा थेंब नव्हता. त्या साली अख्ख्या आइसलँडात हेच चाललं होतं. बाप तान्ही पोरं खडकांच्या कपारीत ठेवायचे आणि मागे न बघता परतायचे.

ओली बाळंतीण त्याच्यामागून धडपडत आली.

"थांब रे मेल्या!"

"घरात जा. तू पडलीस तर त्या तिघांना कोण बघेल?"

"गारठून मरायला फार वेळ लागतो, स्कोफ्ती. तिला माझ्या हातानं जाऊ दे."

तो थांबला. किनाऱ्यावर दगडांखाली शार्क पुरलेला होता. ताजा असला की त्याचं मांस म्हणजे निव्वळ विष. पाझरून, मुरून, मगच ते पोटाला चालतं, आणि त्याला अजून बराच अवकाश होता. परवा कुत्र्याने एक लचका उकरून खाल्ला, दारुड्यासारखा झिंगला आणि तिथेच गार झाला.

आल्फदीसने दगड सारले. मांसातून पिवळट पाणी गळत होतं.

"पहिला जीव विषाच्याच थेंबातून झाला म्हणतात," ती पुटपुटली. तिने त्यात बोट बुडवलं, स्वतःच्या तोंडात घालून चोखलं, थुंकली, पुन्हा चोखलं. उरलासुरला ओलावा बाळाच्या जिभेला लावला.

स्कोफ्तीने मान फिरवली. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, गिळलं आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा टाहो फोडला.

बराच वेळ गेला. बाळ रडतच होतं.

"आण इकडे," तो म्हणाला.

आल्फदीसने तिला छातीशी आवळलं. "आता कुठे टाकतोस? उष्टावण झाली तिची. अन्न चाखलेलं मूल टाकणं म्हणजे खून, बापानं टाकलं तरी. कायदा तुलाही पाठ आहे."

"हे अन्न? अगं, विष आहे ते!"

"मग मी ते चाटवत होते तेव्हा गप्प का उभा राहिलास?"

स्कोफ्तीने अंगावरची घोंगडी काढून दोघींवर टाकली. मग शेजारच्या ज्या एयुल्फचं मेलो तरी तोंड बघणार नाही अशी त्याने शपथ घेतली होती, त्याच्याच दारी दूध मागायला तो निघाला.