सोन्याचे पत्रे दाखवा

“आधी सोन्याचे पत्रे दाखवा, मग माझ्या भाचीला पाण्यात बुडवा!” सुहासमामा रविवारच्या बालवर्गात शिरत म्हणाले. मॉर्मन चर्चच्या शिरस्त्याप्रमाणे आठ वर्षांच्या मैथिलीचा येत्या शनिवारी बाप्तिस्मा होता. भावाच्या शब्दाबाहेर नसलेली तिची आई कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती.

“तुमच्या पंथाच्या संस्थापकाला देवदूतानं मजकूर कोरलेले पत्रे दिले म्हणे, आणि त्यांवरून तुमचा ग्रंथ लिहून झाल्यावर परत नेले. किती सोयीचं!”

“सोयीचं आहे खरं,” सत्तरीचे शिक्षक ब्रदर ससाणे शांतपणे म्हणाले. “बसा. बोटात हा पुष्कराज कुणी घालायला सांगितला?”

“नाडीपट्टीवाल्यानं. हजारो वर्षांपूर्वीच्या ताडाच्या पानावर माझं नाव आणि भविष्य निघालं.”

“तुम्ही वाचलंत?”

“जुनी तमिळ असते ती. त्यानं वाचून दाखवलं.”

“मग पान आणलंत घरी?”

“ते... देत नाहीत.”

“देवदूत नेत असेल परत!”

मुलं खिदळली. मामा लालबुंद झाले. आईनं मान वर केली.

मैथिली मात्र हसली नाही. “पण ब्रदर, मामा फसला म्हणून आपले पत्रे खरे कसे ठरले?”

ब्रदर ससाणे तिच्याकडे वळले. मग म्हणाले, “नाहीच ठरत, बाळ. माझ्याकडे पुरावा नाही. विश्वास आहे, तो माझा.”

“मग शनिवारी नको. आधी मी अख्खा ग्रंथ वाचते. मामा, तूही वाच. न वाचताच हसतोस ना?”

बाप्तिस्मा टळला होता. तरी जाडजूड ग्रंथ काखेत मारून बाहेर पडणारे मामा काही जिंकल्यासारखे दिसत नव्हते.