भात निवतोय

ओसाकाच्या व्हिडिओ गेम पार्लरमधला मासेमारीचा तो साधा खेळ चालेल असं मालकालाही वाटलं नव्हतं. पण गल्लीतल्या म्हाताऱ्यांचा तो पहिल्याच दिवशी जन्माचा लाडका झाला. आज त्यांच्यातल्या कानबेच्या गळाला सगळ्यात मोठा मासा लागला आणि नेमका त्याचा फोन वाजला.

"भात निवतोय! येताय की मीच येऊ तिकडे?" बायकोचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. मासा निसटला.

"तुझं बरं आहे, इसाबुरो," कानबे शेजारी बसलेल्या दोस्तावर चडफडला. "घरून कुणाची कटकट नाही!" बोलून गेला आणि त्याने जीभ चावली; इसाबुरोची बायको वारून वर्षही झालं नव्हतं.

इसाबुरोच्या पोटात दुखत होतंच, पण माशापायी नव्हे.

 

"फोन ठेवू नकोस लेका. वहिनींना म्हणावं, जरा मलाही ओरडा."