गवताची पुडी

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, नात्तो बंद!" डॉक्टरांनी नवऱ्याला बजावलं, पण हात्सुएला पटतंय कशाला! आंबवलेलं सोयाबीन म्हणजे जपानातल्या त्यांच्या मितो शहरात औषधच. सासू म्हणायची, "नात्तो खाणाऱ्याचं रक्त गोठत नाही, सूनबाई." नवराही कुरकुरला, "अगं, हृदयाची झडप बदलली, जीभ नाही!" मग ती रोज सकाळी नात्तोची गवताची पुडी सोडायची आणि तो जेवायच्या दोन काड्यांनी चिकट तार सुटेपर्यंत गरगर ढवळायचा. गोळीचा जोर नात्तोने कधी मोडला, कळलंच नाही. गुठळी थेट मेंदूत गेली. "आई, तूच दिलंस ना?" दवाखान्यात लेक कडाडली. हात्सुएने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. आत आजची न सोडलेली पुडी होती. खाटेवर नवऱ्याची वाचा गेलेली, उजवा हात लुळा पडलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताची दोन बोटं हवेत गरगर फिरवायला सुरुवात केली.