पटावर नसलेला विद्यार्थी

फोन वर्गातच वाजला.

गेल प्रिस्टुपा मॅडमनी दचकून हातातल्या मोबाईलकडे पाहिलं, मग शेवटच्या रांगेकडे. तास नुकताच संपला होता. पहिल्या वर्षाची शंभरेक मुलं जाकिटं चढवून कॅनडातल्या सास्काटूनच्या बर्फात बाहेर पडत होती. इंजिनिअरिंग सोडून गेलेल्या सात जणांना फोन करून ‘का सोडलंत?’ हे विचारायचं, असं डीनच्या ऑफिसने कळवलं होतं. मॅडमनी पहिलाच नंबर लावला होता. कोल्बी फ्रीसन.

मागच्या बाकावरच्या हिरव्या लोकरी टोपीवाल्या मुलाने फोन कानाला लावला. “हॅलो?”

हा? मॅडमना काही कळेना. हल्ली रोज प्रश्न विचारून भंडावणारा हाच तर होता. आजही फळ्यावरच्या पुलाच्या आकृतीत जोराची दिशा दाखवणारा एक बाण मॅडमनी खाली का काढला, यावर तो अडून बसला होता. शेवटी बाणच चुकलेला निघाला. बाकीच्यांनी तो मुकाट्याने उतरवून घेतला होता.

नंबरांचा घोटाळा झाला असणार. त्या त्याच्यापाशी गेल्या.

“तू कोल्बी? तू तर महिन्यापूर्वीच नाव काढून घेतलंयस!”

“हो.” तो ओशाळला. “येऊ नको का?”

“अरे, तसं नाही. पण नाव काढलंस, मग येतोस कशाला?”

“आता समजायला लागलंय म्हणून.”

“आता?”

“आधी तोंड उघडायचीच भीती वाटायची. एवढंही येत नाही तर हा इथे आलाच कसा, असं म्हणतील सगळे. आता काय, मी तुमच्यातला नाहीच. कोण कशाला बोलेल?”

मॅडम बाकावर टेकल्या. पहिल्या महिन्यात हा मुलगा कुठे बसायचा, तेही त्यांना आठवेना. ऑफिसच्या कागदावर त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘अभ्यास झेपत नाही.’ आणि शंभर जणांत चूक दिसली ती यालाच.

“हे बघ, शुक्रवारपर्यंत मुदत आहे,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “मी स्वतः डीनशी बोलते. तुझं नाव परत घालून घेऊ.”

कोल्बीचा चेहरा उजळला. मग हळूहळू उतरला.

“घाला ना,” तो म्हणाला. “पण मग मला विचारता यायचं नाही, मॅडम.”