भंडारदऱ्याचा डाव

१९९७ साल. पारनेर तालुक्यातल्या एका सरपंचावर अविश्वास ठराव आला, तेव्हा त्याने आपल्या बाजूचे सदस्य जीपमध्ये घालून थेट भंडारदऱ्याच्या लॉजवर नेऊन ठेवले. त्यातले गोरक्षतात्या आतून विरोधकांना मिळालेले होते. मतदानाला जाऊन त्यांनी हात वर केला, की ठराव पास होणार होता. तोवर फक्त कुणाला संशय येऊ द्यायचा नव्हता.

सदस्यांचा वेळ जावा म्हणून सरपंचाच्या पुतण्याने, संदीपने, आपल्या क्लासमधला कॉम्प्युटर सोबत आणला होता. त्यावर राज्यं चालवायचा खेळ होता. आळीपाळीने एकेक चाल खेळायची, तह करायचे, एकमेकांच्या राज्यात हेर पेरायचे. तात्यांना त्याचा नादच लागला.

"तुमचा हेर घावला बरं का, तात्या," संदीप एकदा हसत म्हणाला.

तात्यांनी नजर पडद्यावरच ठेवली. "मग हाकल की त्याला."

"हाकलला तर तह मोडतो, लढाई लागती. त्यापरीस ऱ्हाऊ द्यायचा. खाऊ-पिऊ घालायचं, गुतवून ठेवायचं."

मतदानाच्या सकाळी डाव ऐन रंगात आला होता. जीपचा आवाज आला तसे तात्या चपला शोधत उठले. खिडकीतून पाहतात तो, बाकीच्या सदस्यांना घेऊन जीप घाटाच्या वळणाला लागलेली.

"आरं, मी ऱ्हायलो की!"

संदीपने त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला.


"बसा निवांत, तात्या. चाल तुमचीच हाय."